फॉइल कापून कात्रीला धार येते म्हणे!

गणपती पंधरा दिवसांवर आले की ब्लाउज शिवणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. त्यातच यंदा एकच मेसेज मला आठवड्यात तीनदा आला. एकदा आमच्या इमारतीच्या ग्रुपवर शेजारच्या वहिनींनी टाकला, एकदा ठाण्याच्या मावसबहिणीनं पाठवला, आणि तिसऱ्यांदा तर एका गिऱ्हाईक बाईंनी मापं देता देता मला मोठ्यानं वाचून दाखवला. सुरुवातच अशी होती: ‘टेलर लोक हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!’

मी रत्नागिरीत २७ वर्षं शिवते आहे. तेव्हा आता सांगणं आलंच.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. ॲल्युमिनियम फॉइलच्या दहा-बारा घड्या घालून त्या कापा, कात्रीला नव्यासारखी धार येते. फॉइल नसेल तर पॉलिश पेपर कापा, नाहीतर काचेच्या बाटलीच्या मानेवर कात्री चालवा. नवी कात्री घेताना चुंबक लावा, चिकटलं तर स्टील खोटं. खरं स्टेनलेस स्टील गंजत नाही, खुशाल धुवा. ढिली झाली तर स्क्रू गच्च आवळा आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा. कापडाच्या कात्रीनं एकदा जरी कागद कापला तरी ती कायमची गेली. आणि शेवटी, धारवाला दोनदा घासतो की पातं संपतं, त्यापेक्षा ६० रुपयांत नवी घ्या.

यातली कागदाची गोष्ट अर्धी खरी आहे आणि धारवाल्याच्या गोष्टीत खऱ्याचा अंश आहे. बाकीचं कुणी शिवणाऱ्या माणसानं लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

‘फॉइलच्या दहा-बारा घड्या कापा, नव्यासारखी धार येते’

नाकारायच्या आधी करून पाहिलं. माझ्याकडे एक आठ इंची कात्री आहे, कापडातून निवृत्त झालेली, आता पार्सलं फोडते. रुबियाची, म्हणजे ब्लाउजच्या पातळ सुती कापडाची, एकेरी पट्टी घेऊन तिनं कापून बघितली. स्क्रूपासून निम्म्या पात्यापर्यंत बरी चालली, पुढे चावायला लागली, आणि टोकाशी तर कापड दोन पात्यांच्या मधे दुमडून बसलं. मग फॉइलच्या बारा घड्या घातल्या आणि वीस लांब काप घेतले. पुन्हा रुबिया. पहिले तीन-चार काप खरंच बरे आले. सातव्या-आठव्याला गाडी मूळपदावर. टोकाशी तर फॉइलनंतरच्या पहिल्या कापालाही कापड दुमडलंच.

ॲल्युमिनियम मऊ, पात्याचं पोलाद त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. मऊ वस्तू कठीण वस्तूला घासून धार लावू शकत नाही. रोज भाजी चिरून विळीला धार येते का? फॉइलनं होतं ते इतकंच की पात्यावर चिकटलेला सेलोटेपचा गोंद थोडा पुसला जातो आणि धारेची कड कुठे वळली असेल तर ती तात्पुरती सरळ होते. चार काप बरे येतात, तेवढ्यात व्हिडिओ संपतो.

खरी गोम मात्र पुढे आहे. कात्री म्हणजे दोन चाकू एका स्क्रूनं जोडले, असं नसतं. चाकू कापेना झाला तर त्याची धार गेलेली असते. कात्री मात्र धार शाबूत असूनही कापेनाशी होऊ शकते. हाताशी चांगली शिवणाची कात्री असेल तर मिटा आणि कडेनं उजेडासमोर धरा. दोन पाती एकमेकांना सपाट चिकटलेली दिसणार नाहीत. स्क्रूपाशी आणि टोकाशी टेकलेली, मधे केसभर फट. प्रत्येक पात्याला मुद्दाम किंचित बाक दिलेला असतो, शिवाय त्याची आतली बाजू जराशी खोलगट घासलेली असते. म्हणून कात्री मिटताना दोन धारा एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात, आणि ती भेटीची जागा स्क्रूकडून टोकाकडे सरकत जाते. बाकामुळे दोन्ही पाती त्या जागी एकमेकांवर दाबून राहतात आणि कापड तिथं कातरलं जातं. या भेटीत बारीकशी जरी फट पडली तरी कापड तुटायच्याऐवजी वळून त्या फटीत शिरतं. यालाच आपण कात्री चावते म्हणतो.

त्यामुळेच कात्रीच्या धारेचा कोन चाकूच्या मानानं पुष्कळ बोथट असतो आणि तरीही ती रेशीम सर्रकन कापते. आणि त्यामुळेच एका कात्रीचं पातं काढून दुसरीला लावता येत नाही, दोन्ही एकाच मापाच्या असल्या तरी. जुन्या पद्धतीनं घडवलेल्या कात्रीची पाती हातोडीचे हलके ठोके देऊन एकमेकांशी जुळवलेली असतात. इंग्लंडात शेफिल्डला हे काम करणाऱ्या कारागिराला ‘पुटर’ असं वेगळं नावच आहे. त्यानं जुळवलेल्या जोडीला फॉइल काय शिकवणार!

तर कात्री चावायला लागली की आधी पाती पुसायची, मग स्क्रू बघायचा, आणि धारेचा संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. मेसेज टाकणाऱ्या वहिनींचीच गोष्ट. फॉइल कापून झालं, फरक नाही, म्हणून कात्री घेऊन माझ्याकडे आल्या. उघडली तर दोन्ही पात्यांच्या आत काळपट गोंदाचा थर. राखीच्या पाकिटांना टेप लावली होती ती याच कात्रीनं कापलेली. नखपॉलिश काढायच्या पाण्यात बोळा भिजवून पुसली, स्क्रू पाव फेरा आवळला, जॉर्जेट कापून दाखवलं. धार लावलीच नाही.

आणखी एक प्रकार मेसेजमध्ये नव्हता, पण घरोघरी असतो. माझी भाची डावखुरी. तिच्या हातात कुठलीही कात्री ‘बोथट’ होते आणि माझ्या हातात तीच कात्री चालते. आम्ही कात्री मिटताना अंगठ्यानं एक मूठ बाहेर ढकलतो आणि बोटांनी दुसरी आत ओढतो. उजव्या हातात या जोरानं पाती एकमेकांवर दाबली जातात, डाव्या हातात तोच जोर त्यांना एकमेकांपासून फाकवतो. ‘दोन्ही हातांना चालते’ असं पाकिटावर छापलेली कात्री तिला आणून दिली होती. मुठी दोन्ही हातांत बसतात खऱ्या, पण पाती उजव्या हाताचीच होती. डावखुऱ्या माणसाला वरचं पातं डावीकडे असलेली कात्रीच लागते. ती दुकानात सहसा नसते, मागवून घ्यावी लागते. शाळेत हस्तकलेच्या तासाला ‘तुला कापताच येत नाही’ म्हणून बोलणी खाल्लेली मुलं किती असतील कोण जाणे.

‘फॉइल नसेल तर पॉलिश पेपर, नाहीतर बाटलीची मान’

पॉलिश पेपरचे कण पोलादापेक्षा कठीण असतात, त्यामुळे तो घासतो हे खरं. पण कुठे घासतो यावर आपला ताबा नसतो. धार तर घासतोच, शिवाय पात्याच्या आतल्या बाजूवर बारीक चरे पाडतो, आणि वर सांगितलेली भेट तिथेच व्हायची असते. धार खरबरीत झाल्यामुळे थोडा वेळ कापड पकडलं जातं आणि आपल्याला वाटतं जमलं. पोरांच्या हस्तकलेच्या कात्रीवर करायचं तर करा, तिचं नुकसान होण्यासारखं फार काही नसतं. काचेच्या बाटलीवर कात्री चालवणं म्हणजे फॉइलचाच थोरला भाऊ, वळलेली कड सरळ करतो, आणि हात सटकला तर बोट कापतो. पुढे चला.

‘चुंबक चिकटलं तर स्टील खोटं’

हे कुठून आलं ते मला माहीत आहे. भांड्यांच्या दुकानातून. चांगल्या प्रतीची स्टीलची ताटं-वाट्या ३०४ नावाच्या पोलादाची असतात, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि त्याला चुंबक जवळपास चिकटतच नाही. आमच्या सासूबाई भांडी घ्यायला जाताना पिशवीत चुंबक ठेवायच्या. भांड्यांपुरतं ते ठीक.

पण हे ३०४ तापवून, विझवून कठीण करता येत नाही. ताट कठीण असायची गरजच नाही. कात्रीच्या पात्याला ती आहे. म्हणून स्टेनलेस कात्री वेगळ्या जातीच्या पोलादाची करतात. त्यात क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, निकेल जवळजवळ नाही, आणि थोडं कार्बन. हे पोलाद तापवून एकदम थंड केलं की कठीण होतं. यालाच आपल्याकडे पाणी देणं म्हणतात. आणि या पोलादाला चुंबक कडकडून चिकटतं. साध्या कार्बन पोलादाच्या काळ्या कात्रीलाही चिकटतं. म्हणजे मेसेजमधली कसोटी कात्रीच्या बाबतीत बरोबर उलटी आहे. चुंबक चिकटलं म्हणजे कात्री उत्तमच असं नाही, पण पात्याला चिकटलंच नाही तर ती कात्री परत ठेवा, तिला धार लागली तरी टिकणार नाही.

‘स्टेनलेस गंजत नाही, खुशाल धुवा’

असं म्हणणाऱ्यांनी जुलैत रत्नागिरीला यावं. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथं कात्रीची काय कथा! स्टेनलेसवर क्रोमियमची एक अदृश्य साय धरलेली असते, ती गंज रोखते. कात्रीच्या पोलादात कठीणपणासाठी कार्बन घातलेलं असतं, त्यामुळे ही साय ताटाइतकी भक्कम नसते. खारी हवा, घामट हात आणि पाण्याचा थेंब एकत्र आले की बारीक तांबडे ठिपके पडतात. तेही नेमके स्क्रूच्या खाली, जिथं आपली नजर जात नाही आणि पाणी वाळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं. दमट हवा आतच कोंडते. मी जुन्या सुती कापडाला तेलाचं बोट पुसते आणि त्यात गुंडाळते.

खंडेनवमीला आम्ही मशीन, कात्री, टेप सगळं पुजतो. हळद-कुंकू ओल्या बोटानं वाहायचं, वर झेंडूचं फूल. पहिल्या वर्षी मी दसरा होईपर्यंत कात्री तशीच ठेवली आणि फुलाखाली गंजाचा गोल डाग पडला, तो आजही आहे. आता कोरडं हळद-कुंकू वाहते आणि दसऱ्याला सकाळी सोनं वाटायच्या आधी कात्री पुसते. देवाची तक्रार आलेली नाही.

‘स्क्रू गच्च आवळा, खोबरेल तेल सोडा’

गच्च आवळली की दोन पाती एकमेकांना नको तितकी रेटतात, धारा एकमेकींना खातात आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. किती आवळायचा याची एक सोपी परीक्षा आहे. कात्रीची एक मूठ हातात आडवी धरा, दुसरी मूठ वर उचलून पाती पूर्ण उघडा आणि वरची मूठ सोडून द्या. ती सावकाश खाली येऊन मिटायच्या आधीच थांबली तर बरोबर. खटकन मिटली तर ढिली. वरच अडून राहिली तर जास्त आवळलेली. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही.

काही कात्र्यांना स्क्रूऐवजी रिव्हेट ठोकलेली असते. ती ढिली झाली की लोक हातोडी घेऊन बसतात. एखाद्या वेळी जमतं, बहुतेक वेळा रिव्हेट तिरकी बसते आणि पाती कायमची फाकतात.

तेलाचं म्हणाल तर खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. कोकणात एक वेळ चालेल, पण पुण्या-नाशिकच्या थंडीत डिसेंबरात स्क्रूभोवती पांढरं लोणी जमेल आणि त्यात कापडाची लव चिकटेल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं त्याहून वाईट, ते हवेनं चिकट होत जातं आणि स्क्रू जाम करतं. शिलाई मशीनचं पातळ तेल दहा-वीस रुपयांच्या बाटलीत मिळतं. एक थेंब स्क्रूपाशी सोडायचा, कात्री पाच-सहा वेळा उघडमीट करायची, आणि चिंधीनं इतकी कोरडी पुसायची की बोटाला तेल लागू नये. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या ब्लाउजपीसवर डाग ठरलेला.

उघडमीट म्हटलं तर आठवलं. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात असं माझी आई म्हणायची. भांडणांचं माहीत नाही, पण मधे कापड नसताना कात्री खटाखट वाजवली की धारेवर धार घासते. पोरांना दटावायला आईचं कारण जास्त उपयोगी पडतं.

‘कागद कापला की कात्री कायमची गेली’

ही ती अर्धी खरी गोष्ट. मीही माझ्या कात्रीला कुणाला कागद लावू देत नाही, मुलाच्या दहावीच्या प्रकल्पासाठीसुद्धा दिली नव्हती. कागद गुळगुळीत आणि पांढरा दिसावा म्हणून त्यात खडूसारखी खनिजं आणि चिनी माती मिसळलेली असते. ती धारेवर घासते आणि कापडाच्या मानानं धार लवकर मरते.

पण ‘कायमची’ हा शब्द खोटा. मेलेली धार परत लावता येते, कात्रीच्या मुळावर उठलेलं काही नसतं. आणि कापड म्हणजे लोणी आहे असंही नाही. पॉलिस्टरचा धागा जास्त चमकू नये म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड घालतात, तीही कठीणच. माझा अनुभव सांगते, सुती अस्तरांपेक्षा पॉलिस्टरच्या हंगामात कात्रीला लवकर धार लावावी लागते. कात्रीचा खरा घात कागद करत नाही, टाचणी करते. बेतताना लावलेली टाचणी कापडाखाली राहिली आणि कात्री तिच्यावरून गेली की धारेला दाता पडतो. मग प्रत्येक कापात त्याच ठिकाणी एक धागा ओढला जातो. दुसरा घात फरशीवर पडणं. टोकावर पडली की बाक बिघडतो, आणि त्याला धारेनं काही होत नाही.

‘धारवाला पातं खातो, त्यापेक्षा नवी घ्या’

यात खऱ्याचा अंश आहे असं म्हटलं, कारण माझी एक कात्री अशीच गेली आहे. बाहेरगावी लग्नाला गेले असताना विजेच्या दगडावर धार लावणाऱ्या एका दुकानात दिली. दहा मिनिटांत परत मिळाली, आरशासारखी चकचकीत. घरी येऊन बघते तर दुकानदारानं पाती आतल्या बाजूनंही घासली होती, अगदी सपाट. खोलगटपणा गेला, भेटीची जागा गेली. आणि टोकाशी एक निळसर झाक. पोलाद तापत जातं तसा त्याचा रंग बदलतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. तिथं पोचेपर्यंत पात्याला दिलेलं पाणी बरंचसं उतरलेलं असतं. कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या दगडावर धारेची पातळ कड क्षणात तापते. त्या टोकाला पुढे धार लागायची, पण दोन दिवस टिकायची नाही.

आता आमच्याकडे येणारा धारवाला बघा. वर्षातून दोनदा येतो, गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी. सायकल स्टँडवर उभी करतो, चेनऐवजी पट्टा चढवतो आणि पायडल मारत दगड फिरवतो. वेग बेताचा, शेजारी पाण्याचा डबा. कात्री हातात घेतली की पहिलं विचारतो, ‘कापड की कागद?’ मग मिटून उजेडासमोर धरतो. धार लावतो ती फक्त बाहेरच्या उतारावर, स्क्रूपासून टोकापर्यंत एका ओढीत, मधे न थांबता. आतल्या बाजूला तो दगड लावत नाही. घासल्यावर आत धातूची बारीक कड उलटलेली असते, वर्कशॉपवाले तिला ‘बर’ म्हणतात. ती नखानं चाचपतो, सपाट निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, अलगद फिरवून काढतो. शेवटी खिशातून चिंधी काढून स्क्रूपासून टोकापर्यंत एक काप घेतो. चिंधी टोकाशी अडकली तर पैसे घेत नाही, पुन्हा बसतो.

धारवाला निवडायचा तर एवढंच बघायचं. कुठल्या बाजूनं घासतो, पाणी वापरतो का, आणि शेवटी कापडावर करून दाखवतो का. ठिणग्यांचा पाऊस पडला की मुलं खूश होतात, मी घाबरते.

शिकलगार हा शब्द आपल्याकडे आता आडनावापुरता उरला आहे. शिकल करणं म्हणजे हत्यार घासून लखलखीत करणं, ते करणारा शिकलगार. एका समाजाचा हा पिढीजात धंदा होता. त्यातल्या जाणकाराला ‘पातं खातो’ म्हणणं म्हणजे न्हाव्याला डोकं खातो म्हणण्यासारखं आहे.

पातं किती खाल्लं जातं तेही मोजू. माझी दहा इंची कात्री २००१ सालची, मेरठची. स्क्रूला अगदी लागून, जिथं दगड पोचत नाही, तिथं धारेत एक छोटीशी पायरी दिसते. पायरीच्या वर मूळचं पातं, खाली इतक्या वर्षांत झिजलेलं. पट्टी लावली तर दोन मिलिमीटरच्या थोडंसं वर. वर्षाला दोन धारा धरल्या तर चाळीसहून जास्त वेळा दगड लागून एवढं गेलं, आणि पात्याची रुंदी मधोमध अजून २० मिलिमीटरहून जास्त आहे. मेरठला कात्र्यांचा धंदा तीनेकशे वर्षं जुना मानतात. जुन्या गाड्यांच्या आणि रेल्वेच्या भंगारातलं पोलाद पात्यांसाठी वापरतात. तिथल्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्याबद्दल तिकडे एक म्हण आहे, ‘दादा ले, पोता बरते’. आजोबानं घ्यावी, नातवानं वापरावी. या म्हणीत न बोललेली अट एवढीच की मधल्या काळात कुणीतरी तिला नीट धार लावत राहिलं पाहिजे.

६० रुपयांच्या कात्रीचा हिशोब तर सरळच आहे. तिचं पातं पत्र्यातून कापून काढलेलं असतं, प्लॅस्टिकच्या मुठीत दोन-तीन सेंटिमीटर शिरलेलं, मधे रिव्हेट. माझ्या कामाला ती दोन महिन्यांवर टिकत नाही. वर्षाला सहा, म्हणजे ३६० रुपये, आणि सहा कात्र्या कचऱ्यात. माझ्या जुन्या कात्रीला एका धारेचे ६० रुपये पडतात, वर्षाचे १२०. घरात महिन्याकाठी दोन पाकिटं फोडायची असतील तर साठवाली खुशाल घ्या. शिवणाला नको.

घ्यायचीच असेल तर मी दुकानात काय बघते ते सांगते. स्क्रू किंवा बोल्ट असावा, उघडता येणारा. पातं आणि मूठ शक्यतो एकाच धातूच्या तुकड्यात घडवलेली, किंवा पातं मुठीत लांबवर गेलेलं. मूठ वाकडी असावी, म्हणजे खालचं पातं टेबलावर सपाट राहतं आणि बेतताना कापड उचललं जात नाही. मिटून उजेडात धरल्यावर मधली केसभर फट सारखी दिसावी. सोनेरी मुलामा असेल तर त्याचे जास्त पैसे देऊ नका, पहिल्याच धारेला तो धारेवरून निघून जातो. आणि पर्समध्ये अस्तराची एक चिंधी ठेवा. दुकानदार जाड पुठ्ठा कापून दाखवेल, पुठ्ठा कुठलीही कात्री कापते. एकेरी अस्तर टोकापर्यंत कापून बघा, शेवटच्या एका सेंटिमीटरमध्ये कात्रीची सगळी कुंडली कळते.

एका पात्यावर करवतीसारखे बारीक दाते असतील तर ते निसटतं कापड धरून ठेवायला असतात. त्या पात्याला दगड लावला की दाते जातात, धार समोरच्या पात्यालाच लावायची. दोन्हीकडे दाते असतील तर सायकलवाला हात जोडतो. झिगझॅग कात्रीचंही तसंच. तिचे दात एकमेकांत बसतात, नेहमीसारखा बाहेरचा उतार घासला की ते जुळत नाहीत. तिच्यासाठी वेगळा माणूस लागतो.

यंदा धारवाला चतुर्थीच्या आधीच्या मंगळवारी आला. मेसेज वाचलेल्यांपैकीच बऱ्याच जणी आपापल्या कात्र्या माझ्याकडे ठेवून गेल्या होत्या, एकूण सात. सहा झाल्या. सातवी लाल मुठीची, रिव्हेटवाली, दोन्ही पात्यांना दाते. ती त्यानं तशीच परत दिली. कुणाची आहे ते कळलेलं नाही, माझ्या मशीनच्या खणात ठेवली आहे. ग्रुपवर तसं लिहिलंय.